कंबरेचा कोयता

जुहूच्या चौपाटीवर आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा शहाळे प्यायला असेल. शहाळेवाला फळ डाव्या तळहातावर तोलतो, उजव्या हाताने तीनचार घाव घालतो, चौथ्या पाचव्या घावाला टवका उडतो आणि पाणी दिसते. बोट आणि पाते यांत दोन अंगुळांचे अंतर असते. आपण पाण्याकडे पाहतो, फार तर त्या माणसाच्या सफाईकडे पाहतो. त्याच्या हातातल्या वस्तूकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आज आम्ही त्या वस्तूविषयी बोलणार आहोत.

इतिहासाच्या व्यासपीठावर कोयता आणणे काहींस विचित्र वाटेल. हत्यारांचा इतिहास म्हटला की भवानी तलवार, बिचवा, वाघनखे, दांडपट्टा हीच नावे ओठांवर येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास आली, तेव्हा ती पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. ती प्रतापगडावरचीच होत काय, याची खात्री देता येत नाही असे त्या संग्रहालयानेच सांगून ठेवले आहे. पण तो वाद आजचा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, १६५९ सालच्या त्या दिवशी जी हत्यारे म्यानाबाहेर आली, त्यांचा इतिहास लिहिला गेला. त्याच दिवशी, त्याच डोंगराच्या पायथ्याशी गवत, फाटी आणि बांबू तोडणारी जी पाती चालू होती, त्यांचा कोणी लिहिला नाही. वास्तविक डोंगर राहण्याजोगा केला तो त्या पात्यांनीच.

प्रथम नावांचा घोळ थोडा निस्तरून घेऊ. आपल्या भाषेत धारेच्या हत्यारांची एक मोठी पंगत आहे : विळा, विळी, सुरी, सुरा, कोयता, कोयती, चाकू, खंजीर, कट्यार, जंबिया. यांत दोन जाती आहेत. एक मिटणारी, दुसरी न मिटणारी. मिटणारा चाकू हा खिशाचा, म्हणजे शहराचा. आमच्या वडीलमंडळींच्या पिढीस शेफील्डचा रॉजर्स चाकू हा मोठा अभिमानाचा विषय वाटे. पेन्सिलीस टोक करण्यापलीकडे त्याचा उपयोग फारसा होत नसे, तरी तो मखमलीत ठेवलेला असे. पुढे रामपुरीने या जातीचे नाव बदनाम केले. न मिटणारे पाते हे रानाचे, वाडीचे, खाडीचे. ते मुठीत कायमचे बसवलेले असते, कारण ज्याला दिवसातून हजार घाव घालावयाचे आहेत त्याला सांध्यावर विसंबून चालत नाही. गोऱ्या साहेबाचा शिकारीचा सुरा याच जातीचा. त्या साष्टीत तेव्हा वाघही होते आणि साहेब शिकारीस येतही असत. साहेबाचा सुरा चामड्याच्या म्यानात, पट्ट्यास अडकवलेला. आणि त्याच्यापुढे रान तोडीत वाट करणाऱ्या माणसाचा कोयता पाठीमागे, कंबरेच्या दोरीस बांधलेल्या लाकडी आकडीत. शिकारीच्या हकीकती साहेबाने लिहिल्या म्हणून सुऱ्याचे नाव राहिले.

आता जुहूकडे वळू. आज जिथे मोटारी आणि हॉटेले आहेत तिथे गेल्या शतकाच्या मागच्या शतकात समुद्राच्या पाण्यावर जेमतेम हात दोन हात उंच असा वाळूचा एक लांबट पट्टा होता. मधल्या खाडीमुळे तो साष्टीपासून तुटलेला. ओहोटीला पायी जावे, भरतीला थांबावे. खाडीतल्या अशा बेटास आपल्या किनाऱ्यावर जुवे म्हणतात. पोर्तुगीजांच्या लिखाणात हेच नाव ‘जुवें’ असे येते आणि त्याचेच पुढे जुहू झाले. उत्तरेच्या टोकाला गाव. त्यात भंडारी, आगरी आणि कुणबी. दक्षिणेच्या टोकाला कोळ्यांची वस्ती. आगऱ्याचे मीठ, कोळ्याची मासळी, कुणब्याचे भात आणि भंडाऱ्याचा माड. या चौघांच्याही घरी न मिटणारे पाते होते, पण भंडाऱ्याचे सर्वांत नाजूक. तेच आधी पाहू.

माडी काढण्याची कृती शहरी माणसास ठाऊक नसते. तो समजतो की झाडाला खोक पाडली की रस गळतो. तसे नाही. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचे न उमललेले कणीस, प्रथम दोरीने आवळून बांधतात. ते फुलू द्यावयाचे नसते. मग काही दिवस ते हलक्या हाताने ठोकतात, वाकवतात. नंतर टोकाची पातळ चकती कापली की थेंब थेंब रस येऊ लागतो. तो मडक्यात धरतात. मडक्यास आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना न लावला तर हवेतील किण्वांमुळे तो फसफसू लागतो, ती माडी. जखम वाळली की रस थांबतो, म्हणून दिवसातून दोनदा तीनदा झाडावर चढून नवी चकती काढावी लागते. ही चकती कागदासारखी पातळ निघाली पाहिजे. जाड निघाली तर पोय लवकर संपते. धार बोथट असून रेषा चिरडल्या गेल्या तर रस येतच नाही. सारा धंदा त्या एका धारेवर आहे. भंडारी या हत्यारास आऊत म्हणतो. गोव्यात रेंदेराची काती तीच. रुंद पाते, किंचित वाक, वस्तऱ्यासारखी धार. झाडावर चढताना दोन्ही हात लागतात म्हणून ते पाठीमागे अडकवलेले.

एका वृद्ध गृहस्थांस, जे तरुणपणी माडावर चढत असत, आम्ही विचारले, “काका, धार लागली की नाही हे ओळखायचे कसे?” ते हसले. म्हणाले, “हातावरचा केस उडाला म्हंजे लागली. पन त्ये खरं नाय. पोयीला कललं न्हाय पायजे आपन कापलं म्हनून.” धार लावण्यासाठी ते लाकडाच्या फळीवर बारीक वाळू टाकून घासत, तासभर. बायकांनी आणि मुलांनी त्यास हात लावावयाचा नाही असा घरात दंडक. दसऱ्यास त्याची पूजा होई. आमच्या विचारण्यावरून त्यांनी ते दाखवावे म्हणून आम्ही थांबलो, तर कळले की ते केव्हाच मोडीत गेले.

या वृक्षाची आणि रसाची कीर्ती जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात माडावर एक स्वतंत्र संवाद आहे आणि माडापासून निघणाऱ्या सुरेचे, त्या सुरेपासून होणाऱ्या दारूचे व गुळाचे वर्णन आहे. वैद्याने झाड पाहिले, रस पाहिला. पुढे इंग्रज आले. सतराव्या शतकात गव्हर्नर आँगियर याने मुंबईच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांचेच पथक उभे केले. त्याच सुमारास, १६७९ साली, खांदेरीच्या बेटावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तटबंदी उभारण्यास गेला तो मायनाक भंडारीच. म्हणजे एकाच ज्ञातीचे लोक पाण्याच्या दोन्ही बाजूंस उभे. डोलणाऱ्या माडाच्या शेंड्यावर दिवसातून तीनदा चढणाऱ्या माणसाला डोलकाठीची भीती कसली?

साष्टी १७३७ साली मराठ्यांनी घेतली, १७७४ साली इंग्रजांनी ती त्यांच्याकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायम झाली. या घालमेलीत राज्यकर्ते बदलले, कोयता बदलला नाही. त्याच्यावर खरे संकट आले ते शंभर वर्षांनी, आणि ते लढाईतून नव्हे, कायद्याच्या पुस्तकातून.

१८७८ हे साल आम्ही श्रोत्यांना लक्षात ठेवण्यास सांगतो. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील देशी वृत्तपत्रांचा कायदा याच सालचा. तो आपणांस शाळेत शिकवतात, कारण तो लेखणीवर होता. परंतु त्याच एका सालात आणखी तीन कायदे झाले. सातव्या क्रमांकाचा जंगलाचा कायदा, अकराव्या क्रमांकाचा हत्यारांचा कायदा, आणि मुंबई इलाख्यापुरता पाचव्या क्रमांकाचा अबकारीचा कायदा. लेखणीवरचा कायदा चार वर्षांतच रद्द झाला, कारण लेखणीवाल्यांना ओरडता येत होते. बाकीचे तीन टिकले. साष्टीतल्या माणसाच्या कंबरेला जी एक वस्तू लटकत होती, तिच्याभोवती या तिघांनी तीन बाजूंनी कुंपण घातले.

हत्यारांच्या कायद्याने काय केले? बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण यांस त्याने शस्त्रे ठरवले आणि त्यांस परवाना लागू केला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले. सबंध राष्ट्र नि:शस्त्र झाले ही तक्रार खोटी नव्हती. गंमत अशी की त्या यादीत कोयता नव्हता. साहेबाला तो शस्त्र वाटलाच नाही. कुणब्याच्या, कातकऱ्याच्या, भंडाऱ्याच्या कंबरेला तो राहिला. एखाद्यास वाटेल, चला, सुटला बिचारा. पण तो एका दारातून सुटला आणि दुसऱ्या दोन दारांत अडकला.

जंगलाचा कायदा घ्या. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीस राब लागतो. रोप टाकावयाच्या जागेवर डहाळ्या, पाने, गवत, शेण यांचे थर पसरून उन्हाळ्यात ते जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत दाणा पडला म्हणजे रोप जोमाने येते, तण मरते. या डहाळ्या येणार कोठून? रानातल्या झाडांवरून, कोयत्याने. राबासाठी फांद्या तोडणे हा कुणब्याला, वारल्याला आपला पिढीजात हक्क वाटे. नव्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी तो मेहेरबानीचा विषय झाला. कोणते झाड तोडावे, किती उंचीपर्यंत, केव्हा, हे रानरखवालदार ठरवू लागला. कोयता बाळगणे गुन्हा नव्हे; तो चालवणे गुन्हा. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून या नियमांविरुद्ध इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. शेतकऱ्यांच्या बाजूने अर्ज लिहिणारी मंडळी शहरात पुढे आली. राबाचा प्रश्न त्या चौकशीत एक मुख्य प्रश्न होता. आज आपण पर्यावरणाच्या गोष्टी करतो आणि राब म्हणजे रानाची नासाडी असे झटक्यात म्हणतो. नासाडी काही प्रमाणात होतही असेल. पण ज्या वर्षांत राबाच्या डहाळीचा हिशेब मागितला जात होता, त्याच वर्षांत मुंबईच्या चुलींसाठी आणि आगगाड्यांसाठी याच जिल्ह्यातले लाकूड जात होते, हेही त्याच ताळेबंदात मांडले पाहिजे.

अबकारीचा कायदा भंडाऱ्यांस याहून जवळून लागला. पूर्वी माडीवर कर नव्हता असे नाही. पण आता परवान्याशिवाय झाड छेदताच येईना. कर झाडावर. झाड रस कमी देवो की जास्त, परवाना काढला की पैसे भरलेच पाहिजेत. चार्ल्स प्रिचर्ड हा या नव्या अबकारी पद्धतीचा मुख्य शिल्पकार. दारू गाळण्याचा हक्क मोठमोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटावा, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद व्हाव्यात आणि सरकारी उत्पन्न वाढावे, असे त्या पद्धतीचे धोरण होते. १८९२ साली मोहाच्या फुलांवरही असाच कायदा आला. ज्याच्या दारात चार माड, त्या घरी बापाने मुलाला झाडावर न्यावे, आऊत कसे धरावे ते दाखवावे, हा शिरस्ता. आता मुलगा शिकण्यासाठी ज्या झाडावर चढणार त्या झाडाचाही कर भरावयाचा. कित्येकांनी झाडे सोडली आणि मुंबईची वाट धरली. गिरण्यांत, छापखान्यांत, गोदीत, पोलिसांत, जिथे काम मिळाले तिथे ते गेले.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. माडीने घरेही बुडाली आहेत. जोतीराव फुल्यांपासून गांधीजींपर्यंत ज्यांनी दारूविरुद्ध आवाज उठवला त्यांनी तो उगाच उठवला नाही. १९३० च्या सत्याग्रहात दांडीच्या परिसरात ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम गांधीजींनी दिला. विलेपार्ल्याची छावणी तर जुहूच्या शेजारीच. आणि मौज पाहा, १९२४ साली तुरुंगातून सुटल्यावर आजारातून उठलेले गांधीजी विश्रांतीसाठी जुहूस ज्या बंगल्यात राहिले, त्याचे नाव होते ‘पाम बन’, म्हणजे माडांचे रान! १९४४ मध्ये सुटका झाल्यावरही ते जुहूसच आले. समुद्रावर फिरताना त्यांस दिसत असतील ते माड आणि त्यांवर चढणारी माणसेही दिसत असतीलच.

१ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. ती फार टिकली नाही. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी अमलात आली. ६ एप्रिल ही तारीख मिठाच्या सत्याग्रहाची. ज्या दिवशी आगऱ्याच्या मिठाला मोकळीक मागितली गेली, वीस वर्षांनी त्याच दिवशी भंडाऱ्याच्या आऊताला कुलूप लागले. हेतू वेगळे, हे आम्ही जाणतो. पण दोघे एकाच बेटावरचे शेजारी होते.

नीरेला परवाना मिळे. ताडगुळाचा पुरस्कार गांधीजींनी ग्रामोद्योगांतून केलाच होता. पुढे १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय जुहूच्या हद्दीला लागून, विलेपार्ल्यात इर्ल्याला आले, आणि ताडगुळाचे शिक्षण देणारी संस्था डहाणूस उभी राहिली. मुंबईच्या स्टेशनांवरची नीरेची दुकाने पुष्कळांनी पाहिली असतील. १९६० नंतरच्या काही वर्षांत बंदी सैलही झाली. परंतु मधल्या काळात एक पिढी झाडावरून उतरली ती उतरलीच. आणि जुहूस तर झाडाखालची जमीनच झाडापेक्षा महाग होऊन बसली होती. १८९० नंतरच्या दशकात जमशेटजी टाटांनी तेथे जमीन घेऊन वसाहतीचा आराखडा केला होता. १९०४ साली ते गेले आणि तो राहिला. १९२८ मध्ये विमानतळ झाला. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. विमानास मोकळे आकाश लागते, उंच माड नको. खाडी भरत गेली, जुवे साष्टीला चिकटले.

हत्यारांच्या कायद्याचे पुढे काय झाले, तेही सांगू, कारण त्याचा प्रत्यक्ष संबंध आपल्या शहाळेवाल्याशी आहे. स्वराज्यात १९५९ चा नवा कायदा आला. शेतीच्या अगर घरगुती कामासाठीच बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. १९६२ च्या नियमांनी मापही दिले : पाते नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामाचे नसले पाहिजे. चौपाटीवरचा कोयता मोजला तर कित्येकदा या मापाबाहेर जाईल. तो शस्त्र नाही याचे कारण त्याचे माप नव्हे, त्याचे काम. आणि काम हे पात्यावर कोरलेले नसते. ते धरणाऱ्याच्या तोंडाकडे, कपड्यांकडे पाहून ठरवले जाते. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. त्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम निघाला की काठी, सुरी, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी होते. अशा दिवसांत झावळ्या तोडून लोकल गाडीने घरी जाणाऱ्याची आकडी अडचणीची ठरते. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आला आणि शिकारीचा सुरा तर निरुद्योगी झालाच. ते योग्यच झाले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज बिबळे आहेत ते त्यामुळे. पण त्याच रानातील पाड्यांवरचा वारली फाट्याला निघाला म्हणजे त्याच्या कोयत्याकडे पाहण्याची नजरही त्या कायद्याने बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १८७८ पासूनचा अन्याय शब्दांत मान्य केला. पाड्यापाड्यांवर तो हक्क कागदावर यावयास फार काळ लागला आहे.

आणि अलीकडे पुण्याच्या वर्तमानपत्रांतून ‘कोयता गँग’ हा शब्द आपल्या कानांवर आदळू लागला. पोरांनी रस्त्यात कोयते नाचवले, माणसे मेली; त्याची तरफदारी कोण करील? परंतु शब्दाला डाग पडला तो ऊसतोडणीच्या फडावर पहाटेपासून राबणाऱ्या नवराबायकोच्या वस्तूला. त्या जोडप्यालाच मुळी ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. उचल दिली जाते ती कोयत्याला. माणसे दोन, हिशेबात हत्यार एक. साष्टीत निदान हत्याराला माणसावरून नाव होते.

कोयता होतो कसा, ते पाहण्यास आम्ही मुद्दाम एका घिसाड्याच्या पालावर गेलो होतो. रस्त्याच्या कडेला भाता. आता त्याला विजेचा पंखा लावला आहे. लोखंड म्हणाल तर ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा. “ह्याच्यासारखा माल नाही,” तो म्हणाला. “हजारो मैल धक्के खाऊन आलेला असतो.” त्याची बायको घण मारीत होती, तो चिमट्याने पाटा फिरवीत होता. घण तिचा आणि ताल त्याचा. आकार आला की धारेची बाजू तेवढी लाल करून पाण्यात धरावयाची. सारे पाते बुडवले तर ते काचेसारखे तडकते. पाठ मऊ आणि धार कडक राहिली पाहिजे. मागचे निमुळते टोक तापवून बाभळीच्या मुठीत ठोकले, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे चढवले. आम्ही विचारले, “याला कोणी कशाला नेतो हे तुम्ही विचारता का?” तो म्हणाला, “साहेब, आता विचारायला लागतं. आधार कार्ड मागा म्हणतात. ज्याचं स्वत:चं कार्ड झालं नाही त्यानं दुसऱ्याचं मागायचं.” तिने घण खाली ठेवला आणि ती हसली.

जुहूच्या किनाऱ्यावर माड अजून उभे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर सुकलेल्या झावळ्या आणि नारळ लोकांच्या डोक्यांवर पडू नयेत म्हणून माणसे लावून ते उतरवून घेतात. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही असाच एक जण चढताना पाहिला. पायांत दोरीचा फास, कंबरेला मागे आकडी, आकडीत कोयता. खाली दोन मुले पतंग पाहावा तसे तोंड वर करून उभी होती. शेंड्यावर पोचल्यावर त्याने हात मागे नेला, न पाहता मूठ धरली आणि पहिली झावळी सोडवली. ती वाळूवर पडली तेव्हा खालच्या रखवालदाराने मुलांना दटावून मागे सारले. वर, पानांच्या बेचक्यात, एक पोय नुकतीच बाहेर येत होती. त्याने तिला हात लावला नाही. बाजूची दुसरी झावळी तोडली.